आयर्लंडची तटस्थता: एका प्रतिक्रियेला उत्तर

आपण सविस्तर लिहिलेत, याबद्दल आभार. आपला आक्षेप थोडक्यात असा, की दुसऱ्या महायुद्धातील आयर्लंडची तटस्थता हा ब्रिटनवर उगवलेला सूड होता; अटलांटिकमध्ये ब्रिटिश खलाशी बुडत असताना आयर्लंडचे पंतप्रधान डी व्हॅलेरा यांनी ब्रिटिश नौदलाला बंदरे नाकारली, शेवटी हिटलरसाठी दुखवटाही व्यक्त केला, आणि तरीही मी त्या धोरणाची पाठराखण केली.

दुखवट्याविषयी आपल्याशी माझा वाद नाही. २ मे १९४५ रोजी डी व्हॅलेरा जर्मनीचे राजनैतिक प्रतिनिधी हेम्पेल यांना भेटायला गेले, तेव्हा छळछावण्यांतील अत्याचार जगापुढे आलेले होते. राजशिष्टाचाराची सबब तेथे पुरत नाही. ते कृत्य लाजिरवाणेच होते.

सुडाचा आरोप मात्र मला मान्य नाही. कोव्ह, बेअरहेवन आणि लॉक स्विली ही बंदरे आयर्लंडला स्वराज्य देणाऱ्या १९२१ च्या करारानंतरही ब्रिटिशांच्याच ताब्यात होती. ब्रिटिश पंतप्रधान चेंबरलेन यांनी ती १९३८ मध्ये परत केली, तेव्हा कुठे युद्धापासून दूर राहायचे की नाही, हे ठरवणे आयर्लंडच्या हाती आले. जेमतेम वीस वर्षांपूर्वी ज्या सैन्याशी लढा दिला, त्यालाच देशाची फाळणी कायम असताना, म्हणजे उत्तर आयर्लंड ब्रिटनकडेच असताना, पुन्हा बोलावून घेणे, यादवीच्या जखमा न भरलेल्या त्या समाजाला पेलवले नसते. बंदरे मिळती, तर काही जहाजे वाचली असती, हेही खरेच.

सूड घेणारा देश शेजाऱ्याला गुपचूप मदत करीत नाही. एप्रिल १९४१ मध्ये उत्तर आयर्लंडमधील बेलफास्ट जर्मन बॉम्बहल्ल्यांत जळत असताना डब्लिनहून अग्निशामक बंब सीमा ओलांडून गेले. उत्तर आयर्लंडमधील लॉक अर्न सरोवरावरून उडणाऱ्या ब्रिटिश विमानांना आयर्लंडच्या हद्दीतील डोनेगलवरून थेट अटलांटिककडे जाण्याची मुभा होती. हवामानाची निरीक्षणेही लंडनला नियमित जात. जून १९४४ च्या आरंभी मेयो परगण्यातील ब्लॅकसॉड येथे टपाल कार्यालयातील मॉरीन फ्लॅविन या तरुणीने वायुभारमापकाचा घसरता पारा नोंदवला. थोड्याच वेळात दूरध्वनीवरून नोंद पुन्हा तपासण्याची विनंती आली, मग आणखी एकदा आली. वादळाच्या या इशाऱ्यामुळे नॉर्मंडीवरील स्वारी ५ जूनऐवजी ६ जूनला झाली. इतक्या मोठ्या निर्णयात आपला वाटा आहे, हे तिला कित्येक वर्षे ठाऊक नव्हते!

अंतर राखूनही नाते जपण्याचे हे वळण युद्धानंतरही दिसते. १९४९ मध्ये आयर्लंडने राष्ट्रकुल सोडले आणि फाळणीचे कारण देऊन नाटोतही जाण्याचे नाकारले. त्याच वर्षी ब्रिटिश संसदेने कायदा करून आयरिश लोकांना परके मानायचे नाही, असे ठरवले.

आयर्लंडच्या तटस्थतेवर टीका करणाऱ्या, ब्रिटिश पंतप्रधान चर्चिल यांच्या १३ मे १९४५ च्या भाषणाचा आपण दाखला दिला आहे. त्याला डी व्हॅलेरा यांनी १६ मे रोजी नभोवाणीवरून दिलेले उत्तरही अवश्य वाचावे. शतकानुशतके एकट्याने झुंजलेल्या छोट्या राष्ट्राची बाजू त्यांनी ठामपणे मांडली आहेच, शिवाय आयर्लंडवर बळजबरी करण्याचा मोह आवरल्याचे श्रेयही चर्चिल यांना मोकळेपणाने दिले आहे.