‘पगारी नोकर’ म्हणणाऱ्या वाचकाला उत्तर

नमस्कार. मुंबईत जहाजं बांधणाऱ्या वाडिया घराण्यावरच्या माझ्या लेखाखाली आपली प्रतिक्रिया वाचली. दोन दिवस उत्तर लिहिलं नाही, कारण रागात लिहायचं नव्हतं. राग पूर्ण गेलाय असं म्हणत नाही.

आपण लिहिलंय: “वाडिया म्हणजे गोऱ्यांचे पगारी नोकर. त्यांना जहाजबांधणीचे शिल्पकार म्हणणं ही निव्वळ भाटगिरी. ठाण्यात राहता आणि कल्याणची गोदी आठवत नाही? ज्या सुतारांनी घाम गाळला त्यांचं नाव कुठंय? आणि यातली जहाजं चीनवर चालून गेली, ते सोयीस्कर गाळलंत.”

एक गोष्ट आधीच मान्य करतो. सुरतेचा भाग मी दोन ओळींत उरकला, तो वाढवायला हवा होता. या घराण्यातले लवजी नसरवानजी १७३६ मध्ये सुरतेहून मुंबईत आले ते आपल्याबरोबर सुतार घेऊन. सुरतेतली ती कारागिरी हाच पुढच्या सगळ्याचा पाया. तेवढी भर घालीन.

पण ‘पगारी नोकर’. हे दोन शब्द आपण ज्या सुरात फेकलेत, त्याबद्दल मला बोलायचं आहे. मतभेद असू द्या, पण ‘भाट’ म्हणण्याइतकी आपली ओळख आहे का? माझी एक ओळही चुकीची असेल तर दाखवा. तसं काही न दाखवता नुसती शिवी दिलीत.

वाडिया ईस्ट इंडिया कंपनीकडून पगार घेत, हे माझ्या लेखातच आहे. मी ते लपवलं असतं तर आपलं बोलणं योग्य होतं. गोदी कंपनीची, हुकूम कंपनीचा, आणि जहाज मात्र यांच्या हातचं. लवजींच्या काळात, १७५० मध्ये, मुंबईत कोरडी गोदी (जहाज आत घेऊन पाणी काढून टाकता येतं अशी) बांधली गेली, आशियातल्या आधुनिक कोरड्या गोद्यांमध्ये ती पहिली मानतात. मुख्य बांधणीकाराची जागा मग बापाकडून मुलाकडे, काकाकडून पुतण्याकडे अशी जवळपास दीडशे वर्षं एकाच घरात राहिली. कंपनी कुणाला नुसत्या मायेपोटी इतकी वर्षं ठेवत नाही. इंग्लंडहून बांधणीकार आणणं तिला अशक्य नव्हतं.

आणि काम कसलं? जमशेटजी बोमनजींनी १८१० मध्ये ‘मिंडेन’ बांधून दिली, ७४ तोफांची. ब्रिटिश आरमारासाठी ब्रिटनच्या बाहेर बांधलेली अशी ती पहिली मोठी युद्धनौका. त्यांच्याच ‘ट्रिंकोमाली’ या युद्धनौकेची गोष्ट तर याहून बोलकी. तिचे नकाशे इंग्लंडहून ज्या ‘जावा’ जहाजातून निघाले, ते १८१२ मध्ये अमेरिकन नौकेशी झालेल्या लढाईत गेलं, नकाशेही गेले. नव्यानं नकाशे आले, बांधणी लांबली, आणि ती १८१७ मध्ये मुंबईत पाण्यात उतरली. आज ती इंग्लंडमधल्या हार्टलपूलला आहे, अजून तरंगते आहे. दोनशे वर्षांहून जास्त! मलबारचा साग, त्यात तेल असल्यानं पाणी आणि कीड लवकर धरत नाही. ओकच्या लाकडात लोखंडी खिळे गंजतात तसे सागात गंजत नाहीत. पण साग सगळ्यांनाच मिळत होता. फळी कुठं वळवायची आणि सांधा कसा बसवायचा, हे डोळ्यांना कळावं लागतं.

माझे वडील कळव्याला राहून मुंबईच्या एका गोदीत सुतार होते. पहाटेची लोकल, हातात डबा, संध्याकाळी शर्टाला लाकडाचा भुसा. वाकस आणि पटाशी ते घरी आणत नसत, पण घरातलं दार जरी हललं तरी आधी हात फिरवून बघत आणि मगच काय बिघडलंय ते सांगत. तेही पगारी नोकरच होते. जहाज बांधून झाल्यावर त्यांचं नाव कुठल्याच पाटीवर लागलं नाही. तुम्ही मला सुतारांचा घाम शिकवू नका. तो मी धुतलेल्या कपड्यांत पाहिला आहे. पगार घेणाऱ्याचं काम हलकं ठरत नाही, हे मला पुस्तकातून शिकावं लागलेलं नाही, आणि म्हणूनच तुमच्या दोन शब्दांनी मला इतकं लागलं.

शिवाय पुढची पिढी बघा. याच घराण्यातले आर्देशिर करसेटजी वाफेच्या यंत्रांकडे वळले, १८४१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीचे सदस्य झाले, तो मान मिळालेले पहिले भारतीय. लाकडी जहाजांचे दिवस सरत चाललेत हे त्यांना आधी उमगलं. हुकमाचे ताबेदार इतका पुढचा विचार करत नाहीत.

कल्याणचं म्हणाल, तर महाराजांनी १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी घेतल्यावर खाडीकाठी जहाजं बांधायला सुरुवात केली, हे मला माहीत आहे. ठाण्याच्या कुणाला माहीत नाही? तो विषय वेगळा आहे आणि त्यावर वेगळा लेख हवा. एका घराण्यावर लिहिलं म्हणजे दुसऱ्याचा अपमान केला असं होत नाही. चीनबद्दल: ‘कॉर्नवॉलिस’ मुंबईतच १८१३ मध्ये बांधली आणि १८४२ मध्ये तिच्यावरच ब्रिटन आणि चीनमधलं अफूचं युद्ध संपवणारा नानकिंगचा तह झाला. खरं आहे. त्याचा जाब बांधणाऱ्याकडे मागायचा असेल तर तुम्ही मागा, मी मागणार नाही.

कल्याणच्या गोदीवर तुम्ही स्वतः लिहून पाठवलंत तर मी इथं घेईन, तुमच्या नावानं. ‘भाटगिरी’सारखा शब्द पुन्हा आला तर मात्र ती प्रतिक्रिया काढून टाकीन. नियम सगळ्यांना सारखाच आहे.