दिवसाला दीडशे किलोमीटर आणि बैलगाडी : एका प्रतिक्रियेला उत्तर

वेंगुर्ल्याहून मछलीपट्टणपर्यंत, हायवे टाळून, कारच्या हिचला (मागच्या हुकाला) मुक्कामाची सोय असलेला छोटा कॅम्पिंग ट्रेलर जोडून कसं जावं याचा आराखडा मागच्या लेखात दिला होता. त्यावर एका वाचकानं लिहिलंय : "दिवसाला दीडशे किलोमीटर? मग बैलगाडीनंच जा की! हायवेनं दोन दिवसांचं काम. हिचवरचं वजन वगैरे पुस्तकी गप्पा. पाण्याची टाकी मागं टाका, पुढं जागा मोकळी होते. यरगट्टी सौंदत्तीच्या वाटेवर नाही, नकाशा तरी बघा. आणि ही ट्रेलरची थेरं आपल्याकडं चालत नाहीत."

यरगट्टीचं बरोबर आहे. ती बेळगाव-नेसरगी-लोकापूर रस्त्यावर लागते. सौंदत्तीला आपण बैलहोंगलवरून जातो. चूक माझी, दुरुस्त केली. पण एवढं सांगायला "नकाशा तरी बघा" हे शेपूट कशाला लागतं, ते कळलं नाही.

आता बैलगाडी. हे वाक्य टाळ्यांसाठी लिहिलंय हे दिसतंच, तरी हिशेब मांडतो. बेळगावातून बैलहोंगल, सौंदत्ती, रामदुर्ग करत बदामी दीडशेच्या आसपास पडते. नुसत्या कारला चार तास पुरतात. ट्रेलर लागला की सरासरी ताशी तीसच्या वर जात नाही, म्हणजे पाच तास नुसतं चाक फिरणार. कारण गतिरोधक. प्रत्येक गावात शिरताना, शाळेसमोर, देवळासमोर आणि गाव सुटताना. कारची पुढची दोन चाकं, मागची दोन आणि मग ट्रेलरची, अशी तीनदा चढउतार. शेवटची विसरून ॲक्सिलरेटर दाबला की एका आसाचा ट्रेलर उडतो, हिचला खालून दणका बसतो, कपाटाची कडी सुटते आणि डबे जमिनीवर. त्यात दर तासाला थांबून चाकाच्या हबला (मधल्या गोल भागाला) हात लावायचा. कोमट असेल तर ठीक. हात ठेववत नसेल तर बेअरिंग आवळलंय किंवा ग्रीस संपलंय. पुढं तसंच रेटलं तर बेअरिंग जाम होतं, आणि वेळ वाईट असेल तर चाकच निघतं. बेअरिंगचा एक जोड, ग्रीसचा डबा आणि कॉटर पिना जवळ असल्या की ट्रॅक्टर-ट्रॉलीचं काम करणारा कुठलाही मिस्त्री तासाभरात बसवून देतो.

मुक्कामाला साडेचारच्या आत पोचायचं. कार सोडवण्याआधी ट्रेलरच्या चाकांना दोन्हीकडून अडवणारी पाचर लावायची, मग हिच सोडायचा, मग ट्रेलरच्या पुढच्या छोट्या आधारचाकाचा दांडा फिरवून तो समतल करायचा, शेवटी चारी कोपऱ्यांचे टेकू. टेकू फक्त हलू नये म्हणून असतात, त्यांनी ट्रेलर उचलायचा नसतो. चौकट वाकते आणि दार लागेनासं होतं. घाई नसली तरी पाऊण तास जातो, आणि डिसेंबरात सहाच्या सुमारास अंधार. सौंदत्तीच्या पुढं बरीचशी काळी माती. वळवाचा नाहीतर अवेळी पाऊस झालेला असेल तर डांबर सोडून एक चाकही खाली घालू नये. माती चाकाला लपेटते, मडगार्डात भरते आणि चाक फिरायचंच थांबतं. ही जागा उजेडात बघून ठरवायची असते, हेडलाइटमध्ये नाही.

आणि ऊस. नोव्हेंबर ते मार्च गोकाक, रायबाग, चिकोडी, अथणी भागात कधी रात्री गाडी चालवलीय का हो तुम्ही? एका ट्रॅक्टरमागं दोन ट्रॉल्या, बाहेर आलेले ऊस, मागं दिवा नाही, रिफ्लेक्टर पाल्याखाली झाकलेला. समजा तो ताशी वीसनं चाललाय आणि तुम्ही पन्नासनं मागं टाकताय. त्याची लांबी पंधरा मीटर, तुमची कार आणि ट्रेलर मिळून नऊ, पुढं-मागं सोडायचं अंतर वीस. सुमारे सव्वापाच सेकंद लागतात. तेवढ्यात तुम्ही त्र्याहत्तर मीटर जाता आणि समोरून साठनं येणारा अठ्ठ्याऐंशी. म्हणजे एकशे एकसष्ट मीटर रस्ता डोळ्यांना मोकळा दिसायला हवा, तोही आधीच पन्नासवर असाल तर. मागं सहाशे किलो ओढत वीसवरून पन्नासला जायचं असेल तर याच्या दुप्पट धरा. त्यापेक्षा ट्रॅक्टरमागं चहा पिण्याच्या वेगानं जावं. हो, बैलगाडीसारखं.

बैलगाडीचा दाखला तुम्हीच दिलात म्हणून विचारतो. यल्लम्माच्या जत्रेला गाडी जुंपताना मागं पोती जास्त झाली तर गाडीवान काय म्हणतो? गाडी उलाळ झाली. जू वर उचलतं, बैलांच्या गळ्याला जोते आवळतात. भार पुढं जास्त झाला तर मानेवर दाब येतो. म्हणून तो एखादं पोतं पुढं-मागं सरकवतो. हिचवरचं वजन म्हणतात ते हेच. आमच्या घरात दोन पिढ्या गाडी होती आणि ट्रेलर ओढायला लागून मला नऊ वर्षं झाली, तेव्हा पुस्तकी म्हणण्याआधी जरा थांबला असतात तर बरं झालं असतं.

आता तुमची टाकी. साठ लिटर म्हणजे साठ किलो. हिचपासून आस अडीच मीटरवर आणि टाकी आसाच्या मागं दीड मीटरवर धरा. साठ गुणिले दीड भागिले अडीच : हिचवरचे छत्तीस किलो उचलले गेले. टाकी रिकामी असताना हिचवर पासष्ट असतील तर भरल्यावर एकोणतीस उरतात, सहाशे किलोच्या ट्रेलरला पाच टक्केसुद्धा नाहीत. हवेत दहा ते पंधरा टक्के, म्हणजे साठ ते नव्वद किलो. कमी पडले की सत्तरच्या वेगाला, उताराला किंवा शेजारून बस गेली की ट्रेलर शेपटी हलवायला लागतो आणि प्रत्येक हेलकावा आधीच्यापेक्षा मोठा होतो. तेव्हा कारचा ब्रेक जोरात मारला तर ट्रेलर कारला ढकलत आडवा येतो. पाय ॲक्सिलरेटरवरून काढायचा, स्टिअरिंग सरळ धरायचं, वेग आपोआप उतरू द्यायचा. टाकी आसावर किंवा किंचित पुढं. मोजायला घरातला वजनकाटा पुरतो : सपाट जागी, सामान आणि पाणी भरून, कपलर (ट्रेलरचं हिचवर बसणारं पुढचं टोक) नेहमीच्या उंचीवर येईल असा लाकडाचा ठोकळा काट्यावर ठेवायचा आणि त्यावर टेकवायचा. पाच मिनिटांचं काम. ते न करता "पुस्तकी" म्हणणं दोन सेकंदांचं.

हायवेबद्दल वाद नाही. ज्यांना दोन दिवसांत पोचायचंय त्यांनी जावं, लेख त्यांच्यासाठी नव्हताच. थेरं चालत नाहीत म्हणता, तर कायद्यानं ट्रेलर हे स्वतंत्र वाहन आहे, त्याची नोंदणी करावी लागते. ती आणि बाकीच्या कायदेशीर बाबी पूर्ण केल्या की रस्त्यावर आणायला हरकत नसावी. घाटाचं तुम्ही काही विचारलंच नाही, पण इतरांसाठी : दाणोलीहून आंबोली चढताना वळणावर ट्रेलरचं चाक आतल्या बाजूनं कापतं, म्हणून कार बाहेरून घ्यावी. परतीला ज्या गिअरनं चढलात त्याच गिअरनं उतरावं.

सौंदत्तीला यल्लम्माच्या जत्रेमुळं पौर्णिमेच्या आगेमागे दोन दिवस ट्रेलर नेऊ नये हे मूळ लेखात राहिलं होतं, ते घातलंय. मार्गशीर्ष ते माघ तिथं पाय ठेवायला जागा नसते. तुमची प्रतिक्रिया काढलेली नाही. टाकीचा सल्ला कुणी वाचून अमलात आणू नये म्हणून हे उत्तर तिच्या लगेच खाली लावतोय.