मिनिटाच्या चाचणीवर आजींचं पासबुक काढून घेऊ नका

इंदूरच्या मराठी घरांमधल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक संदेश फिरतोय. साठी ओलांडलेल्यांना डोळे मिटून मनात एक मिनिट मोजायला सांगा. 45 सेकंदांच्या आत हात वर झाला तर मेंदूतलं घड्याळ बिघडलं, बेत आखायची ताकद गेली, पैशांचे व्यवहार मुलांनी हाती घ्यावेत. अशानं रामबागेतल्या एखाद्या ठणठणीत आजींचा कारभार विनाकारण हातचा जाईल.

‘मिनिट लवकर संपलं म्हणजे बिघाड.’ चूक. ब्लॉक, झकाय आणि हॅन्कॉक या संशोधकांनी 1998 मध्ये अनेक अभ्यास एकत्र तपासले. ज्येष्ठ मंडळी ठरावीक वेळ मोजताना तरुणांपेक्षा सरासरीनं आधीच थांबतात, असं त्यात दिसलं. अंगात ताप असला तरी मिनिट लवकर संपतं. होगलंडनं 1933 मध्येच ते नोंदवलं होतं. शिवाय एकदाच मोजून काहीच कळत नाही. कमी-जास्त सेकंद उलटसुलट क्रमानं, प्रत्येकी अनेकदा मोजून घ्यावे लागतात. टीव्ही बंद हवा, टिकटिकणारं घड्याळ खोलीबाहेर हवं आणि ‘अहो, लवकर झालं’ असं मध्येच सांगायचं नाही. सांगितलं की पुढचा आकडा बिघडलाच.

‘वेळेचा अंदाज चुकला म्हणजे नियोजन गेलं.’ यात थोडं तथ्य आहे, म्हणूनच ते पटतं. दोन्ही कामांना लक्ष आणि तात्पुरती स्मृती लागते, त्यामुळे मोठ्या गटात दोन्हींचे गुण थोडेफार जोडीनं हलू शकतात. पण त्यावरून एका माणसाचा निकाल लावता येत नाही. नियोजनाची चाचणी वेगळी असते. शॅलिस यांच्या 1982 च्या चाचणीत कमी-जास्त उंचीच्या तीन दांड्या आणि तीन रंगीत मणी असतात. एका वेळी एकच मणी हलवून कमीत कमी चालींत चित्रासारखी रचना करायची. तिथे सेकंद मोजावेच लागत नाहीत.

पुरणपोळीचंच घ्या. चण्याची डाळ शिजायला लावली की लगेच कणीक भिजवायची, कट काढून आमटीसाठी ठेवायचा, पुरण वाटून गार करायचं. पुरण झाल्यावर कणीक आठवली तर ती मुरत नाही आणि लाटताना पोळी फाटते. ही क्रमाची चूक आहे, मिनिटांची नाही. मिनिटं कुकरच्या शिट्ट्या सांगतातच.

‘म्हातारपणी वेळेवरची कामं विसरतातच.’ रेंडेल आणि थॉमसन यांच्या 1999 च्या अभ्यासात प्रयोगशाळेत तरुण पुढे होते, रोजच्या जगण्यातल्या कामांत मात्र ज्येष्ठ. गोळी चहाच्या कपाशेजारी ठेवणं, वेळ भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिणं, हेही नियोजनच की!

लक्ष ठेवायचं ते बदलावर. वर्षानुवर्षं हातात बसलेला स्वयंपाक मध्येच अडतो, विजेचं बिल दोनदा भरलं जातं, ओळखीच्या गल्लीत वाट चुकते, आणि काही महिन्यांत हे वाढत जातं. तेव्हा डॉक्टरांकडे न्या. बी-12, थायरॉईड, ऐकू येणं आणि झोपेच्या गोळ्या तपासायला सांगा. ताप किंवा नवीन गोळीनंतर एक-दोन दिवसांतच बरळणं, गोंधळणं सुरू झालं, तर त्याच दिवशी दाखवा.