नाशकात पायी निघताय? आधी घरच्यांना सांगून या

कुणी ओळखीचं भेटणार नाही अशी वेळ बघून निघा. बाकीच्या सूचना विसरलात तरी चालेल, ही विसरू नका. कारण नाशकात धडधाकट माणूस एकटाच रस्त्याने पायी चाललेला दिसला की बघणाऱ्याच्या पोटात कालवतं. मेहेर सिग्नलच्या अलीकडे एक स्कूटर तुमच्या घोट्याला वारा घालत थांबेल.

"काय हो, गाडी कुठंय?"

"आणली नाही."

"पंक्चर?"

"नाही, घरी आहे."

"मग?"

या 'मग'ला उत्तर नसतं. मी एकदा "काही नाही, सहज चालत निघालोय" असं खरं सांगून बसलो. संध्याकाळी घरी पोचायच्या आत बायकोला सोसायटीतल्या दोघींचे फोन येऊन गेले होते. एकीला मी गाडी विकल्याचं कळलं होतं, दुसरीला माझी शुगर तीनशेवर गेल्याचं. तेव्हापासून मी सरळ शुगरच कबूल करतो. डॉक्टरांनी सांगितलंय म्हटलं की माणसं हळहळतात, रात्री मेथीदाणे भिजत घाला म्हणतात आणि सोडून देतात.

अर्थात डॉक्टरांनी सांगितलेलं चालणं रस्त्यावर उरकायचं नसतं, एवढं तारतम्य ठेवा. त्यासाठी गोल्फ क्लबचा जॉगिंग ट्रॅक आहे. तिथे गाडीने जायचं, सावलीतली जागा मिळेपर्यंत गाडीतूनच दोन चकरा मारायच्या, मग पायी चार मारायच्या, बाहेर येऊन दुधीचा रस प्यायचा आणि गाडीने घरी यायचं. येताना कोपऱ्यावरून कोथिंबीर घ्यायची असेल तर गाडी तिथपर्यंत न्यायचीच. चालणं झालेलं आहे, ते पुन्हा कशाला?

गोल्फ क्लबवर गोल्फ शोधू नका, हेही इथेच सांगून ठेवतो. मैदानाचं नाव हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान. २१ डिसेंबर १९०९ ला विजयानंद थिएटरात नाटकाला आलेल्या कलेक्टर जॅक्सनवर ज्या कोवळ्या पोराने गोळ्या झाडल्या, त्याचं. हे नाव तुम्ही रिक्षावाल्याला सांगितलंत तर तो क्षणभर तुमच्याकडे बघेल आणि विचारेल, "म्हणजे गोल्फ क्लबच ना?" साहेबाला गोळी घालणाऱ्याच्या मैदानाला साहेबाच्या खेळाचं नाव चिकटून राहिलंय आणि कुणाला त्याचं काही वाटत नाही.

रस्ता विचारायची वेळ आली तर डोळे मिटून ऐका. समोर काय दिसतंय त्याचा पत्त्याशी संबंध नसतो. सांगली बँक सिग्नलवर उभं राहून सांगली बँक हुडकाल तर उन्हात वाळाल. ती बँक २००७ सालीच दुसऱ्या बँकेत विलीन झाली, सिग्नल तेवढा मागे राहिला. दहीपुलावर दही नाही, आणि पूल म्हणावा तर तो तुमच्या पायाखाली आहे आणि तुम्हाला रस्ताच वाटतोय. सीबीएस, म्हणजे एसटीचं मध्यवर्ती बसस्थानक, दोन आहेत, एक जुनं, एक नवं. "सीबीएसपासून सरळ" असं कुणी सांगितलं तर कुठल्या सीबीएसपासून ते विचारायचं नाही. त्याने सांगणाऱ्याचा अपमान होतो.

आता फुटपाथ. नाशकात फुटपाथ नाहीत असा खोटा प्रचार काही लोक करतात. भरपूर आहेत. त्र्यंबक नाका ते अशोकस्तंभ या किलोमीटरभराच्या स्मार्ट रोडवर तर इतका ऐसपैस फुटपाथ आहे की पहिल्यांदा बघितला तेव्हा मला भरून आलं होतं. (या रस्त्याचं काम चालू असताना सीबीएस गाठायला जे गल्लीबोळ शोधावे लागले, त्यातून जुन्या मित्रांची घरं सापडली. तेवढे उपकार मानले पाहिजेत.) फुटपाथ कशासाठी असतो याबद्दलच लोकांचे गैरसमज आहेत. उभ्या गाडीला जागा लागते. टपरीला लागते, ट्रान्सफॉर्मरला लागते, वाढदिवसाच्या फ्लेक्सच्या बांबूंना लागते. माणूस काय, चालतच असतो, त्याला कायमची जागा कशाला?

महात्मा गांधी रोडवर मोबाईलची कव्हरं विकणाऱ्या एका पोराने मला हे फार शांतपणे शिकवलं. फुटपाथभर निळी ताडपत्री, तिच्यावर ओळीने कव्हरं, चार्जर, इअरफोनची भेंडोळी. कडेला जेमतेम एक पाऊल मावेल एवढी फट होती. मी तिच्यातून तारेवरची कसरत करत निघालो. चपलेचा पट्टा एका चार्जरच्या वायरीत अडकला. पोराने माझा पाय दोन्ही हातांनी उचलला, वायर सोडवली, पाय होता तिथे परत ठेवला आणि म्हणाला, "काका, खालून जा ना. इथं पडले-बिडले म्हणजे?"

खालून म्हणजे रस्त्यावरून. मी उतरलो. पाठीमागून आलेल्या बसच्या आरशाने माझा भांग पाडला. वर बघितलं तर पोरगं खूश होतं. माझ्या जिवाची काळजी त्यालाच होती, हे मी आजही मान्य करतो.

रस्ता ओलांडण्याच्या तीन पद्धती आहेत. एक, आशीर्वादाची: उजवा तळवा येणाऱ्या गाड्यांकडे करून संथपणे चालत सुटायचं, नजरेला नजर द्यायची नाही. दुसरी, नऊवारीतल्या आजीबाईंच्या आडोशाची. रविवार कारंजावर या पुष्कळ मिळतात, चांदीच्या गणपतीला निघालेल्या असतात आणि त्यांना मरणाची भीती नसते. तिसरी माझी आवडती: गाय. पंचवटीच्या बाजूला गाय रस्ता ओलांडायला लागली की तिच्या पलीकडच्या अंगाला लागा. गायीला कुणी हॉर्न देत नाही. द्वारका चौकाला मात्र यातली एकही पद्धत लागू नाही. मूळ द्वारका समुद्रात बुडाली, आमची ट्रॅफिकमध्ये. तिकडे पायी जाऊच नका.

आणि पायी जाऊनही मान मिळवायचा असेल तर पौषात निघा. निवृत्तिनाथांच्या यात्रेसाठी त्र्यंबककडे दिंड्या चाललेल्या असतात. त्या आठ-दहा दिवसांत या शहराला चालणारा माणूस दिसू लागतो. गाड्या थांबतात, केळी देतात, राजगिऱ्याचे लाडू देतात, चहाच्या कपासाठी मागे धावतात. एका वर्षी मी नुसता दिंडीच्या कडेने भाजीची पिशवी घेऊन चाललो होतो, तर एका माउलीने मला वाकून नमस्कार केला. पिशवीत दोडके होते. मी आशीर्वाद दिला. उरलेलं वर्ष तोच रस्ता, तेच पाय, आणि तोच ड्रायव्हर काच खाली करून विचारतो, "मरायचंय का?" तेव्हा एक टाळ कायम जवळ बाळगा.

सिंहस्थाच्या आधीची दोन वर्षं मात्र टाळसुद्धा कामाला येत नाही. गुरू सिंह राशीत शिरायला बारा वर्षं लागतात, पण त्याआधीच जेसीबी रस्त्यात शिरतो. कोट्यवधी लोक येणार म्हणून जे खणलं जातं, ते आधी इथल्या लाखोंना ओलांडून दाखवावं लागतं. त्याला रंगीत तालीम समजा.

अशोकस्तंभाकडून जुन्या गावात शिरलात की गुडघ्यांची काळजी घ्या. 'नाशिक नव टेकांवर वसविले' ही म्हण लहानपणी पाठ केलेली असते, तिचा अर्थ चाळिशीनंतर तिवंध्याच्या चढावर कळतो. वाड्यांचे ओटे बघत चला. पूर्वी ओट्यावर चढायला दोन पायऱ्या होत्या, आता काही घरांत रस्त्यावरून खाली उतरावं लागतं. दर काही वर्षांनी जुन्या डांबरावर नवं डांबर चढतं आणि घरं पाताळात जातात. ह. धी. सांकलिया आणि शां. भा. देव यांनी १९५०–५१ मध्ये इथली जुनी गढी खणली तेव्हा वस्तीवर वस्ती असे इसवी सनाच्या आधीपासूनचे थर मिळाले होते. पुढच्या संशोधकांना थर मोजणं आणखी सोपं जाणार आहे. एकेका निवडणुकीचा एकेक थर.

पावसाळ्यात गेलात तर सराफ बाजारात पँट दुमडून घ्या. दहीपुलाखालून सरस्वती नाला जातो. वर्षभर तो तिथे आहे हे कुणाच्या लक्षात नसतं आणि तासभर जोराचा पाऊस झाला की तोच स्वतःची ओळख करून देतो. सोन्याच्या दुकानासमोर गुडघाभर पाण्यात उभं राहण्याचा योग सगळ्याच शहरांत येत नाही.

भांडी बाजारातून उताराने खाली आलात की गंगा. गोदावरी म्हणू नका, बाहेरचे समजतील. पलीकडे नारोशंकराचं देऊळ आणि त्यावरची घंटा, १७३९ च्या वसईच्या विजयाची खूण. कुणी फार मोठ्याने बोललं की आमच्याकडे त्याला अजूनही 'नारोशंकराची घंटा' म्हणतात. असं म्हणावं लागतंय तेही ओरडून, कारण घाटापर्यंत हॉर्न पोचलेले आहेत.

या गावात आलेला सर्वांत मोठा पाहुणा अयोध्येहून चालत आला होता, हे इथे प्रत्येकजण अभिमानाने सांगतो. सांगून झालं की त्याच्या दर्शनाला गाडी देवळाच्या किती जवळ नेता येईल ते विचारतो. काळारामाच्या गल्लीत गर्दी असते, खांद्याला खांदा लागतो, मागचा ढकलतो. इथे तेवढी कुरकुर करू नका. २ मार्च १९३० ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या सत्याग्रहात हजारो माणसं याच देवळाकडे चालत आली होती. त्यांना फक्त आत जायचं होतं. दरवाजे लावून घेतले गेले. दादासाहेब गायकवाड आणि त्यांच्याबरोबरची माणसं पुढेही काही वर्षं त्या दाराशी येत राहिली. आपल्याला दोन मिनिटं उशीर होतो आणि आपण घड्याळ बघतो.

परत घाटावर या आणि दुतोंड्या मारुतीसमोर जरा बसा. नदीपात्रात उभा असलेला हा मारुती म्हणजे आमचं पूरमापक यंत्र. गंगापूर धरणातून किती क्युसेक सोडलं हे पेपरात येतं, पण गावाला कळतं ते "मारुतीच्या छातीला लागलं" या भाषेत. २००८, २०१६, २०१९ या सालांची चर्चा अजूनही याच मापाने होते. मी गेलो तो श्रावण होता. पाणी मारुतीच्या पायाशी खेळत होतं. शेजारी पेठ तालुक्याकडची एक मावशी गोणपाटावर करटुली घेऊन बसली होती, वाटे करून, प्रत्येक वाट्याच्या माथ्यावर एकेक पिकलेलं, फुटलेलं, आत लाल बिया. मी अर्धा किलो मागितली. तिने तोलली, वरून दोन टाकली, माझ्या चिखलाने भरलेल्या चपलांकडे बघितलं आणि म्हणाली, "चालत आला का? म्या बी उजाडायच्या आधी चालतच निघाले, डांबरीपर्यंत." डांबरीपर्यंत किती, ते मी विचारलं नाही. तिने गाडी कुठंय तेही विचारलं नाही.

आता शेवटची सूचना: परत चालत जाऊ नका. दोन्ही दिशांनी चाललेला माणूस अजून कुणी बघितलेला नाही. रविवार कारंजावर शेअर रिक्षावाला "एक शीट, एक शीट, सीबीएस" म्हणून ओरडत असतो. मागे चौघं बसलेले असतात, तरी ती एक शीट तुमचीच. ड्रायव्हरशेजारी अर्धं बूड टेकवा, करटुली मांडीवर घ्या, एका हाताने वरची दांडी धरा. एक पाय बाहेर राहील. तो आत घ्यायचा प्रयत्न करू नका, ड्रायव्हरच सांगेल, "राहू द्या काका, वळताना टेकवायला लागतो."