‘डिजिटल आवाज शंभरावरच ठेवा’ या सल्ल्याविषयी

घरी संगीत ऐकणाऱ्या गोव्यातील रसिकांत सध्या एक संदेश फिरतो आहे. फोनचा किंवा संगणकाचा आवाज सदैव शंभर टक्के ठेवावा, कारण तो कमी केल्यास बिट (आवाज ज्या आकड्यांत साठवतात त्यांतील अंक) गळतात; आवाजाचा चढउतार केवळ अ‍ॅम्प्लिफायरच्या नॉबने करावा, कारण तो निर्दोष असतो; आणि नॉब बारा वाजण्याच्या खुणेपुढे नेऊ नये, कारण तिथे निम्मी शक्ती संपते, असे त्यात म्हटले आहे.

बिटांचा मुद्दा जुन्या यंत्रांपुरता खरा आहे. एका बिटमागे सर्वांत हळू आणि सर्वांत मोठ्या आवाजातील पल्ल्यात सुमारे 6 डेसिबल मिळतात. म्हणून संपूर्ण साखळी 16 बिटची असेल आणि आवाज 24 डेसिबलने उतरवला, तर चार बिट खरोखरच जातात. परंतु आजचे बहुतेक डॅक (डिजिटल आकड्यांचे विद्युत लहरीत रूपांतर करणारे भाग) 24 बिट स्वीकारतात, त्यामुळे सीडीच्या 16 बिटांखाली 48 डेसिबलची मोकळी जागा उरते. शिवाय आपण काय ऐकतो, हेही पाहावे. केरीच्या केसरबाई केरकर यांचे 78 फेऱ्यांच्या तबकडीवरून उतरवलेले गायन लावले, तर तबकडीची खरखरच 16 बिटांच्या तळाच्या, म्हणजे त्यांत मावणाऱ्या सर्वांत हळू आवाजाच्या, कितीतरी वर असते. आणि कौलांवर आषाढाचा पाऊस कोसळत असेल, तर तीही धड ऐकू येत नाही.

खरी अडचण डॅकच्या पुढे आहे आणि संदेशात तिचा उल्लेखच नाही. डॅकमधून बाहेर पडणारी सूक्ष्म सरसर डिजिटल आवाज कमी केल्याने घटत नाही. म्हणून तो 40 डेसिबलने उतरवून नॉब पूर्ण उघडला, तर गाण्याच्या बरोबरीने सरसरही वाढते. त्यातच एखाद्या अ‍ॅपने आवाज अचानक शंभरावर नेला, तर ट्वीटरची, म्हणजे स्पीकरमधील उंच सुरांच्या भागाची, खैर नाही.

उलटपक्षी, शंभर टक्केही निर्धोक नाही. अलीकडची ध्वनिमुद्रणे कमाल पातळीला भिडवलेली असतात; डिजिटल ध्वनीच्या दोन नमुन्यांमधील (लागोपाठच्या मोजमापांमधील) लहर त्याहून वर गेली, तर काही डॅकमध्ये ती छाटली जाते. तीनएक डेसिबल कमी ठेवले, तर हे बहुतांशी टळते.

नॉबच्या निर्दोषपणाबद्दल तर बोलायलाच नको. सुरुवातीच्या टप्प्यात बऱ्याच नॉबचे डावे-उजवे चॅनल समान चालत नाहीत आणि गायिका एका बाजूला सरकल्यासारखी वाटते. समुद्राकाठच्या दमट, खारट हवेत त्यांचे संपर्क खराब होऊन ते खरखरूही लागतात. सीडी प्लेअर साधारण 2 व्होल्ट देतो, तर अनेक अ‍ॅम्प्लिफायरांना पूर्ण शक्तीसाठी 200 ते 300 मिलिव्होल्ट पुरतात. त्यामुळे रात्री हळू आवाजात ऐकताना नॉब नेमका त्याच सदोष टप्प्यात अडकतो.

बारा वाजण्याची खूण शक्ती मोजत नाही. त्याच खुणेवर 2 व्होल्टचा स्रोत अ‍ॅम्प्लिफायरला छाटणीपर्यंत नेऊ शकतो, तर अर्ध्या व्होल्टच्या फोनकडून सोळाव्या हिश्श्याचीच शक्ती मिळते.

म्हणून नेहमीच्या आवाजात नॉब दहा ते बाराच्या दरम्यान येईल, इतका डिजिटल आवाज 3 ते 15 डेसिबलने उतरवावा. मग गाणे थांबवून बसण्याच्या जागेवरून सरसर ऐकू येते का, ते तपासावे. येत असेल, तरच डिजिटल आवाज थोडा चढवून नॉब मागे घ्यावा.