दगड पडायच्या आधीचे तास

17 मार्च 2025 ला नागपूरच्या महाल भागात दगडफेक झाली, संचारबंदी लागली. आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रात्रभर एकच चर्चा: सूत्रधार कोण? दुपारी औरंगजेबाच्या कबरीवरून आंदोलन झालं, आयती लिहिलेली चादर जाळल्याची अफवा उठली आणि संध्याकाळी रस्ता पेटला. मामा तिथून जवळच राहतात. त्यांचं ठाम मत, "ही पोरं इथली नव्हेतच, बाहेरून आणलेली."

मी लंडनला, टॉटनहॅममध्ये राहते. हे वाक्य मी इथेही ऐकलंय, अगदी याच सुरात.

4 ऑगस्ट 2011 ला इथे पोलिसांच्या गोळीने मार्क डगन हा 29 वर्षांचा तरुण गेला. आधी त्याच्याकडून गोळी सुटली, असा समज चौकशी यंत्रणेच्याच बोलण्यातून पसरला. तो चुकीचा होता. शनिवारी, 6 तारखेला, घरचे आणि शेजारीपाजारी ब्रॉडवॉटर फार्म वसाहतीतून चालत पोलीस ठाण्यावर गेले. मागणी एवढीच, की कुणीतरी वरिष्ठाने बाहेर येऊन आमच्याशी बोलावं. तासन्‌तास थांबले. अंधार पडला आणि पोलिसांच्या दोन गाड्या पेटल्या. रात्री हाय रोडवरचं गालिच्यांचं दुकान जळालं, आणि त्याच्या वर लोकांची घरं होती. ती इमारत पुन्हा उभी राहिलीय. बसमधून दिसली की अजूनही माझ्या मनात आग येत नाही, ते थांबलेले लोक येतात.

पंतप्रधान कॅमेरून म्हणाले, ही निव्वळ गुन्हेगारी. दोष टोळ्यांवर गेला. सरकारच्याच आकड्यांत नंतर टोळ्यांचा वाटा लहान निघाला. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि गार्डियनने दंगलीत उतरलेल्या 270 जणांना गाठून बोलतं केलं. त्यातल्या 73 टक्के लोकांची आदल्या वर्षभरात पोलिसांनी रस्त्यात अडवून झडती घेतली होती. बुटांची दुकानं फोडणारेही होतेच, आणि त्यांना शिक्षा झाली ते योग्यच झालं. पण हाव तर रोजचीच, शहर काही रोज पेटत नाही.

आपल्याकडे एका गावाने यावर उपाय शोधला होता. तो आपण विसरलो, याचं मला फार वाईट वाटतं. यंत्रमागांची भिवंडी 1970 ला पेटली, 1984 ला पुन्हा पेटली. 1988 मध्ये पोलीस उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांनी तिथे मोहल्ला कमिट्या बांधल्या: दोन्ही धर्मांची माणसं आणि सोबत त्या भागातले पोलीस. किरकोळ भांडणं जागच्या जागी मिटू लागली, एकमेकांची तोंडओळख झाली. पुढे मुंबईत डिसेंबर 1992 आणि जानेवारी 1993 च्या दंगलींत 900 माणसं गेली. शेजारची भिवंडी शांत राहिली. अफवेचं खरंखोटं करायला तिथे हाकेच्या अंतरावर माणूस होता. टॉटनहॅमच्या ठाण्यासमोर नेमका तोच नव्हता.

म्हणून मी मामांना फोन केला. म्हटलं, सूत्रधार पोलीस शोधतील. मला एवढंच सांगा, त्या दुपारी अफवा उठल्यापासून दगड पडेपर्यंत तुमच्या गल्लीतून पलीकडच्या मोहल्ल्यात फोन करेल असं कुणी होतं का?

मामा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "पूर्वी होते गं. आता नंबरसुद्धा नाही कुणाकडे."