गाडी खर्चात टाका!

पगारदाराचा कर पगार हाती येण्याआधीच कापला जातो, त्यामुळे त्याला दुःख करायला फारसा वाव नसतो. आम्ही करारावर काम करणारे मात्र आधी पैसे डोळे भरून पाहतो आणि मग भरतो. या दुःखावर भेटेल तो एकच औषध सांगतो, "गाडी घे आणि खर्चात टाक!" म्हणजे गाडीचा खर्च कामाचा म्हणून उत्पन्नातून वजा करायचा आणि उरलेल्यावरच कर भरायचा. सांगणाऱ्यांत स्वतःची गाडी नसलेलेच जास्त. गाडी जणू सरकार देतं, आपण फक्त रंग सांगायचा!

माझ्या करसल्लागारांनी रंग विचारलाच नाही.

"तुमचा कर 30 टक्के धरू. शंभर खर्च केलेत तर तीस वाचतील."

"वा!"

"आणि सत्तर जातील."

या सत्तरांबद्दल इतके दिवस कुणी चकार शब्द काढला नव्हता.

बरं, ते तीसही एकदम हाती लागत नाहीत. स्वतःच्या नावावर गाडी घेतली, तर किंमत सहसा घसाऱ्यातून, म्हणजे गाडी जुनी होत जाईल तशी घटणाऱ्या किमतीच्या हिशेबाने, वर्षावर्षाने वळती होते. कर्ज काढलं तर व्याज खर्चात जातं, मुद्दल नाही. लीजवर घेतली तर रोकड अडकत नाही आणि भाडं खर्चात बसतं. पण वर्षानुवर्षं लेकीसारखी जपलेली गाडी मुदत संपली की सासरी पाठवायची. स्वतःची कंपनी काढून तिच्या नावावर घ्यावी, तर खासगी वापराला अनेक देशांत 'सुविधा' समजतात आणि तिच्यावर वेगळा कर लावतात. आणि मार्ग कुठलाही धरा, वजावट मिळते ती कामापुरत्या वापराचीच.

"मी रोज कामावरच जातो!" मी विजयी मुद्रेने म्हणालो.

"घरातून ठरलेल्या कामाच्या जागी जाणं हे काम नव्हे. तो खासगी प्रवास."

सकाळच्या त्या वाहतूक कोंडीत मी खासगी मौज करत असतो, हे मला प्रथमच कळलं. अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, सगळीकडे साधारण हीच समजूत आहे. तात्पुरत्या जागी गेलात तर गोष्ट वेगळी. पण तात्पुरतं म्हणजे किती? ब्रिटनमध्ये स्वतःच्या कंपनीमार्फत करारावर काम करणाऱ्यांना 24 महिन्यांचा नियम आहे. कामाचा बराचसा वेळ एकाच जागी जाणार असेल आणि मुक्काम त्यापुढे लांबणार हे कळलं, तर त्या क्षणापासून प्रवासखर्चाची वजावट बंद. म्हणजे करार वाढल्याचे पेढे वाटावेत की सुतक पाळावं, हे आधी हिशेबनिसाला विचारायचं.

राहिली कामाचा वापर किती हे दाखवणारी प्रवासाची नोंदवही. तारीख, कुठून कुठे, किलोमीटर, कारण. ऑस्ट्रेलियात सलग 12 आठवडे नीट लिहिली, आणि वापर फारसा बदलला नाही, तर ती पाच वर्षं चालते. हे वाचून त्या लोकांचा मला मनापासून हेवा वाटला. आमच्या घरात वहीला मान इतका, की बायको गाडीत बसताना "मी कारण कुठलं?" असं विचारते. अशिलाकडून परतताना वाटेत भाजी घेतली, तर कुठल्या चौकापासून प्रवास खासगी झाला, यावर आमचं रात्रीचं जेवण निवतं.

परवा बैठक संपल्यावर सल्लागार म्हणाले, "जरा स्टेशनपर्यंत सोडता का?" मी आनंदाने वही काढली आणि लिहिलं, 'कारण: करसल्लागारांशी चर्चा'. त्यांनी चष्मा वर करून वाचलं.

"चर्चा मघाशीच संपली," ते पट्टा लावत म्हणाले. "हे खासगीत लिहा."